जनगणनेच्या आकडेवारीचे प्रकाशन : आपटा (ता. पनवेल) या गावाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जनगणनेचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः दोन गोष्टींकडे जाते. एक, घरोघरी जाऊन माहिती लिहून घेणारा प्रगणक. आणि दुसरी, अखेरीस जाहीर होणारा लोकसंख्येचा आकडा. या दोहोंच्या मध्ये एक दीर्घ टप्पा असतो. जमा झालेल्या माहितीपैकी काय छापावयाचे, केव्हा छापावयाचे, कोणत्या घटकापर्यंत उतरवावयाचे, आणि काय कायमचे झाकून ठेवावयाचे, याचा निर्णय या टप्प्यात होतो. हा निर्णय तांत्रिक स्वरूपाचा समजला जातो व म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांकडून तो काहीसा दुर्लक्षित राहतो.

वस्तुतः भारतीय राज्यघटनेने या टप्प्याला फार मोठे स्थान दिले आहे. पंचायतींविषयीच्या अनुच्छेद २४३ मध्ये 'लोकसंख्या' या शब्दाची व्याख्या केली आहे. ज्या जनगणनेचे संबद्ध आकडे प्रसिद्ध झाले आहेत अशा लगतपूर्वीच्या जनगणनेत निश्चित झालेली लोकसंख्या, असा त्या व्याख्येचा आशय आहे. याचा अर्थ असा की, गावात माणसे किती राहतात यावरून नव्हे, किंवा ती किती मोजली गेली यावरूनही नव्हे, तर किती म्हणून प्रसिद्ध झाली यावरून गावाची घटनात्मक लोकसंख्या ठरते. प्रकाशन हे जनगणनेचे शेपूट नसून तिला विधिमान्यता देणारी क्रिया आहे, हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाच्या तपासणीसाठी रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील आपटा हे गाव समोर ठेवले आहे. आपट्याची लोकसंख्या किती होती, हा येथे विषय नाही. ती कोणत्या ग्रंथात, कोणत्या जिल्ह्याच्या नावाखाली, कोणत्या भाषेत आणि किती विलंबाने वाचकापर्यंत पोहोचू शकते, हा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जनगणनेच्या प्रकाशनाचा घटक जिल्ह्यापासून गावापर्यंत कसा उतरत गेला, याचा आढावा घेणे.
२) गोपनीयता आणि सार्वजनिकता या दोन तत्त्वांमधील संबंध स्पष्ट करणे.
३) प्रकाशनाचे वेळापत्रक व स्वरूप यांचे सामाजिक व राजकीय परिणाम तपासणे.
४) २०२७ च्या नियोजित जनगणनेच्या संदर्भात काही सूचना मांडणे.

हा अभ्यास प्रसिद्ध जनगणना अहवाल, गॅझेटिअर, अधिनियम व राज्यघटनेतील तरतुदी यांवर आधारलेला असून त्याची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे.

खानेसुमारी ते जनगणना

महाराष्ट्रास लोकांची व घरांची मोजदाद इंग्रजांमुळे प्रथम माहीत झाली असे नाही. पेशवे दफ्तरात खानेसुमारीचे कागद आढळतात. खाना म्हणजे घर. घरांची सुमार करणे हा या मोजणीचा मूळ हेतू. वसुली व बंदोबस्त यांसाठी सरकारला जी माहिती लागे, ती या कागदांत नोंदली जाई आणि दफ्तरातच राही. ज्यांची मोजणी झाली त्यांना तिचा निष्कर्ष कळावा, अशी कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती.

ब्रिटिश राजवटीत १८७२ मध्ये पूर्ण झालेली पहिली जनगणना सर्वत्र एकाच वेळी झालेली नव्हती. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी प्रथमच देशभर एककालिक गणना झाली. येथून पुढे दर दहा वर्षांनी अहवाल व तक्ते यांचे जाड खंड छापले जाऊ लागले. दफ्तरातील कागद छापखान्यात जाणे हा मोठाच बदल होता. तथापि हे खंड इंग्रजीत होते व त्यांचा वाचक प्रामुख्याने प्रशासक होता. मुख्य तक्ते जिल्हावार असत. प्रांतिक तक्ते तालुक्यापर्यंत येत. एखादे बंदर, बाजारपेठ किंवा तीर्थस्थान गॅझेटिअरमधील स्थलवर्णनात स्वतंत्रपणे नोंदले जाई. सामान्य गाव मात्र तालुक्याच्या बेरजेत विरून जाई. खानेसुमारीत गाव सरकारला दिसत होते, पण वाचकाला नाही. छापील जनगणनेत वाचक निर्माण झाला, पण त्याला गाव दिसेना, असा हा विरोधाभास आहे.

एक गाव, तीन जिल्हे

पाताळगंगेच्या काठी, पनवेलच्या दक्षिणेस वसलेले आपटा आपल्या जागेवरून हललेले नाही. मात्र जनगणनेच्या ग्रंथांत त्याने दोनदा जिल्हा बदलला आहे. १८७२ व १८८१ च्या गणनांच्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून मुंबई गॅझेटिअरच्या १८८२ च्या ठाणे जिल्ह्यावरील खंडात त्याचे वर्णन आले आहे. १८८३ मध्ये पनवेल कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. त्यामुळे १८९१ पासून त्याचे आकडे कुलाब्याच्या तक्त्यांत शोधावे लागतात. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले. परिणामी आपट्याच्या शंभर वर्षांच्या वाटचालीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास ठाणे, कुलाबा व रायगड अशा तीन नावांखालील ग्रंथ उघडावे लागतात.

येथेच आणखी एक अडचण उद्भवते. २००१ व २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत रायगड जिल्ह्याचे नाव 'रायगढ' असे वाचले जाईल अशा वर्णलेखनात छापले आहे. छत्तीसगडमध्ये याच वर्णलेखनाचा दुसरा जिल्हा आहे. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि रायगडचा २०११ मधील जिल्हा संकेतांक ५२० ठाऊक नसलेला विद्यार्थी केवळ नावावरून शोध घेऊ लागला, तर तो भलत्याच राज्यात पोहोचण्याचा संभव आहे. नाव कसे छापावे हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण ज्याला आपले गाव शोधायचे आहे, त्याच्या दृष्टीने प्रकाशनाचा उंबरठा तोच असतो.

१९५१ : गाव छापील पानावर येते

स्वातंत्र्योत्तर पहिल्या जनगणनेने, म्हणजे १९५१ च्या गणनेने, प्रकाशनाच्या इतिहासात मूलगामी बदल घडविला. त्या वेळी आर. ए. गोपालस्वामी हे जनगणना आयुक्त होते. गावनिहाय व शहरांतील प्रभागनिहाय आकडे देणारे प्राथमिक जनगणना सार तयार करण्यात आले आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र जिल्हा जनगणना पुस्तिका काढण्याची प्रथा सुरू झाली. नव्या प्रजासत्ताकात प्रौढ मताधिकार आला होता, विकास योजना आखल्या जात होत्या. त्यामुळे जिल्ह्याची बेरीज आता पुरेशी नव्हती. नियोजनाला गाव हवे होते.

पुढील गणनांतून या पुस्तिकेचे अंग वाढत गेले. तिच्यात ग्रामनिर्देशिका आली. शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, टपाल कार्यालय, वीज, रस्ता, आठवड्याचा बाजार, जवळचे शहर, जमिनीचा वापर अशा बाबी गावासमोर नोंदल्या जाऊ लागल्या. आपट्यासारख्या गावाच्या दृष्टीने या निर्देशिकेचे महत्त्व सहज लक्षात येते. दिवा-पनवेल लोहमार्ग १९६४ मध्ये सुरू झाला व १९६६ मध्ये तो आपट्यापर्यंत आला. पुढे १९८६ मध्ये तो रोह्यास पोहोचला. शेजारच्या रसायनी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा कारखाना उभा राहिला. म्हणजे १९६१ आणि १९७१ या दोन गणनांच्या दरम्यान या परिसरात रेल्वे आणि रसायन उद्योग ही दोन्ही स्थित्यंतरे घडली. एरवी केवळ आठवणींवर विसंबावे लागले असते अशा या बदलाचा गावपातळीवरील पुरावा शोधण्याची जागा म्हणजे या दोन गणनांच्या पुस्तिका होत.

तथापि दोन पुस्तिका शेजारी ठेवून तुलना करणे वाटते तितके सोपे नाही. १९५१ मध्ये लोकसंख्येची विभागणी आठ उपजीविका वर्गांत केली होती. १९६१ मध्ये काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग आले. १९७१ मध्ये मुख्य व्यवसायावर भर देणारी व्याख्या स्वीकारल्यामुळे घरकाम सांभाळून शेतात राबणाऱ्या असंख्य स्त्रिया 'काम न करणाऱ्या' ठरल्या. १९८१ पासून मुख्य व सीमांतिक असा भेद करण्यात आला. भातलावणी, बेणणी आणि कापणी ही कोकणातील स्त्रियांची कामे १९६१ नंतर एकाएकी थांबली नव्हती. स्तंभाचा मथळा बदलला होता. म्हणून आकड्यांसोबत व्याख्या प्रसिद्ध करणे हा प्रकाशनाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. व्याख्येविना छापलेला आकडा खरा असूनही दिशाभूल करू शकतो.

गोपनीयतेचे वचन

येथवर आपण सार्वजनिकतेचा विचार केला. तिची दुसरी बाजू गोपनीयतेची आहे. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम ८ नुसार विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे नागरिकावर बंधनकारक आहे. या सक्तीच्या बदल्यात कलम १५ त्याला संरक्षण देते. प्रगणकाने भरलेली नोंदवही किंवा अभिलेख पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि त्या अधिनियमाखालील खटले वगळता त्यातील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. जमीन, वारसा अथवा करआकारणी यांच्या वादात जनगणनेची नोंद वापरता येत नाही, हे लोकांना पटले तरच ते खरे सांगतील, हा यामागील विचार आहे.

याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये दुसरा दरवाजा उघडा ठेवला आहे. प्रसिद्ध अहवालात नसलेली, परंतु संकलित नोंदींतून काढता येण्याजोगी सांख्यिकीय माहिती एखाद्या स्थानिक संस्थेने किंवा व्यक्तीने खर्च सोसून मागितल्यास, मागणी रास्त वाटल्यास, ती तयार करून देता येते. ग्रामपंचायत ही अशी स्थानिक संस्था आहे. महाविद्यालयीन अभ्यासकांनाही हा मार्ग खुला आहे. तरीही ही तरतूद आपल्याकडे फारशी परिचित नाही.

अन्य देशांतील प्रथा या संदर्भात उद्बोधक आहेत. अमेरिकेत कुटुंबनिहाय मूळ नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. त्यानुसार १९५० च्या जनगणनेच्या नोंदी १ एप्रिल २०२२ रोजी जनतेस उपलब्ध झाल्या. इंग्लंड व वेल्समधील १९२१ च्या गणनेच्या नोंदी शंभर वर्षे उलटल्यावर जानेवारी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. तेथे नागरिकाला दिलेले वचन ठराविक मुदतीचे आहे व त्या मुदतीनंतर व्यक्ती इतिहासाच्या स्वाधीन होते. भारतीय कायद्यात अशी मुदत नाही. आपल्या इतिहासकाराला आपट्यातील एखादे कुटुंब जनगणनेतून कधीच सापडणार नाही. त्याच्या हाती येईल ते केवळ संकलित सार. म्हणून ते सार किती बारकाईने व किती काळजीने प्रसिद्ध होते, याला आपल्याकडे अधिकच महत्त्व आहे.

प्रकाशनाचा क्रम व कालावधी

२०११ च्या जनगणनेत ९ ते २८ फेब्रुवारी या काळात गणना झाली. १ मार्चच्या आरंभीचा क्षण हा संदर्भक्षण होता. १ ते ५ मार्च या दिवसांत फेरतपासणी झाली आणि ३१ मार्च २०११ रोजी हंगामी आकडे जाहीर झाले. एवढ्या मोठ्या देशाची बेरीज महिन्याभरात होऊ शकते याचे कारण तिची रचना होय. प्रगणक आपल्या गटाची बेरीज करतो. पर्यवेक्षक ती तपासतो. ग्रामीण भागात चार्ज अधिकारी म्हणून तहसीलदार, त्यावर जिल्हाधिकारी व राज्याचे संचालक अशा पायऱ्यांनी ती वर चढते.

हंगामी व अंतिम आकड्यांत अंतर राहणे स्वाभाविक असते. रायगड जिल्ह्याची हंगामी लोकसंख्या २६,३५,३९४ होती; अंतिम संख्या २६,३४,२०० झाली. महाराष्ट्राची हंगामी संख्या ११,२३,७२,९७२ होती, ती अंतिमतः ११,२३,७४,३३३ झाली. जिल्ह्यात संख्या घटली आणि राज्यात वाढली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या फरकाने धोरण बदलत नाही. परंतु हंगामी आकडे हे हंगामी आहेत असे स्पष्टपणे सांगून ते लवकर जाहीर करणे आणि पडताळणीनंतर दुरुस्त करणे, ही प्रथा विश्वास वाढविणारी आहे.

यापुढील प्रवास मात्र संथ होतो. अंतिम प्राथमिक जनगणना सार ३० एप्रिल २०१३ रोजी आले. धर्मविषयक तक्ते २५ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर झाले. भाषाविषयक तक्ते २०१८ मध्ये आले. मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर गेली असून २००१ मध्ये चौथ्या स्थानी असलेली मराठी तेलुगूला मागे टाकून तिसऱ्या स्थानी आली आहे, ही गोष्ट मराठी भाषकांना गणनेनंतर सात वर्षांनी कळली. हा विलंब यंत्रांच्या अभावामुळे झाला असे म्हणता येत नाही. हातांनी चिठ्ठ्या वेगळ्या करण्याचे युग मागे पडून २००१ मध्येच अक्षर ओळखणाऱ्या यंत्रप्रणालीचा वापर सुरू झाला होता. कोणता तक्ता कोणत्या दिवशी प्रसिद्ध होईल याचे आधी जाहीर केलेले व पाळले जाणारे वेळापत्रक नसेल, तर यंत्राचा वेग वाचकापर्यंत पोहोचत नाही. शिवाय उशीर झाला की तो राजकीय हेतूने झाला, असा तर्क करण्यास जागा राहते.

सप्टेंबर २००४ चा अनुभव

घाईने आणि पुरेशा स्पष्टीकरणाविना केलेल्या प्रकाशनाचा धोका सप्टेंबर २००४ मध्ये दिसून आला. २००१ च्या जनगणनेतील धर्मविषयक अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला. त्यातील मुस्लिम लोकसंख्येच्या १९९१-२००१ या दशकातील वाढीचा दर सुमारे ३६ टक्के, असा आकडा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकला आणि देशभर वाद पेटला. वास्तविक १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये आणि १९८१ मध्ये आसामात जनगणना होऊ शकलेली नव्हती. जम्मू-काश्मीरची मुस्लिमबहुल लोकसंख्या १९९१ च्या पायात नव्हती आणि २००१ च्या बेरजेत होती. साहजिकच वाढ फुगलेली दिसली. ही राज्ये वगळून काढलेला समायोजित दर सुमारे २९.३ टक्के होता आणि तो आधीच्या दशकापेक्षा कमी होता. काही दिवसांतच खुलासा करण्यात आला; परंतु खुलासा मथळ्याइतका दूर जात नाही.

या प्रसंगात कोणताही आकडा खोटा नव्हता. दोष होता तो मांडणीत. तुलना करण्यास अयोग्य असलेले दोन आकडे तुलनेच्या स्तंभात शेजारी छापले गेले. प्रकाशनाचे नियोजन करणाऱ्याने गणितासोबतच वाचकाचाही विचार करावयास हवा, हा या घटनेचा धडा आहे. अधिकृत सांख्यिकीविषयीची जी मूलभूत तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये स्वीकारली आणि आमसभेने २०१४ मध्ये मान्य केली, त्यांतही निःपक्षपाती उपलब्धता, पद्धतीचे स्पष्टीकरण आणि चुकीच्या अर्थास उत्तर देण्याचा सांख्यिकी यंत्रणेचा अधिकार यांना स्थान दिले आहे.

वाडी कोठे आहे?

पुन्हा पनवेल तालुक्याकडे वळू. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाव म्हणजे महसुली गाव. कोकणातील वस्तीची रचना मात्र वाडीची आहे. पनवेल व लगतच्या तालुक्यांत डोंगरालगत कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. या वाड्या बहुधा स्वतंत्र महसुली गावे नसतात. त्यांची लोकसंख्या मूळ गावाच्या बेरजेत धरली जाते. निर्देशिकेत गावासमोर शाळा, नळपाणी किंवा पक्का रस्ता 'आहे' अशी नोंद असली, तरी ती सोय वाडीपर्यंत पोहोचली की नाही हे त्या नोंदीवरून कळत नाही. पावसाळ्यात ज्यांना ओढा ओलांडून गावठाणात यावे लागते, त्यांच्यासाठीही छापील पानावर तोच होकार असतो.

दुसरी बाब जमातीविषयीची. गावपातळीवरील सारात अनुसूचित जमातींची एकत्रित संख्या मिळते. कातकरी किती व ठाकर किती हे कळत नाही. कातकरी ही विशेष असुरक्षित आदिम जमातींत गणली गेलेली जमात आहे, त्यामुळे हा भेद योजनांच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तिसरी बाब काळाची. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जनगणना फेब्रुवारीत होते. त्या वेळी जी कुटुंबे भट्टीवर असतील त्यांची गणना तेथे होणार. देशाच्या बेरजेत त्यामुळे फरक पडत नाही, परंतु मूळ वाडीचा आकडा मात्र त्या हंगामाचा ठरतो.

यावर उपाय म्हणून वाडीनिहाय सर्व तक्ते छापावेत असे म्हणणे सोपे आहे. पण येथे गोपनीयतेचे तत्त्व आड येते. दहा-बारा घरांच्या वस्तीचा जात, शिक्षण व व्यवसाय यांचा तक्ता म्हणजे जवळजवळ त्या घरांची नावेच छापणे होय. धर्मविषयक तक्ते तालुका व शहर पातळीपर्यंतच दिले जातात, त्यामागेही हे भान आहे. म्हणून माहितीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतील. सोयी व सुविधा यांची माहिती वाडीपर्यंत उतरविण्यास हरकत नसावी, कारण ती विहिरीची व रस्त्याची माहिती आहे, माणसाची नव्हे. व्यक्तीच्या गुणविशेषांची माहिती मात्र मोठ्या घटकासाठीच प्रसिद्ध व्हावी. वाडीला दृश्य करणे आणि वाडीतील माणसाला झाकणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधणे, ही प्रकाशनाच्या नियोजनाची खरी कसोटी आहे.

'प्रसिद्ध झालेले आकडे' : घटनात्मक परिणाम

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या व्याख्येचे परिणाम आता पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ७ ते १७ यांच्या दरम्यान लोकसंख्येनुसार ठरते. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. म्हणजे वर वर्णिलेल्या वाडीचा आकडा हा केवळ अभ्यासाचा विषय नाही; त्यातून पंचायतीतील एखादी खुर्ची निर्माण होते किंवा होत नाही.

लोकसभेच्या बाबतीतही असेच दिसते. ८४ व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांच्या फेररचनेसाठी १९९१ चे आकडे योजिले होते. दरम्यान २००१ चे आकडे आले व २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यांचा आधार घेण्यात आला. त्यावर आधारलेल्या २००८ च्या फेररचनेत पनवेल, उरण व कर्जत हे रायगड जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड व पिंपरी यांच्याशी जोडून मावळ हा नवा लोकसभा मतदारसंघ झाला. पूर्वी कुलाबा मतदारसंघात असलेल्या पनवेल तालुक्यातील मतदार घाटापलीकडील मतदारांसमवेत आपला प्रतिनिधी निवडू लागला. तोपर्यंत २००१ चे आकडे प्रसिद्ध झाले नसते, तर सीमारेषा जुन्या आकड्यांवर आखल्या गेल्या असत्या.

इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाबाबत महाराष्ट्राला याची उलट बाजू अनुभवावी लागली. २०११ मध्ये झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणातील ग्रामीण भागाची आर्थिक माहिती जुलै २०१५ मध्ये जाहीर झाली. जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतील या आरक्षणासाठी अनुभवजन्य माहितीची अट अधोरेखित केल्यावर राज्य शासनाने केंद्राकडील ती माहिती मिळावी म्हणून याचिका केली; ती १५ डिसेंबर २०२१ रोजी फेटाळली गेली. ती माहिती विश्वासार्ह नसून जनगणना अधिनियमाखालील नाही, अशी केंद्राची भूमिका होती. त्यानंतर २०२२ मध्ये राज्याने समर्पित आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष जयंत बांठिया हे राज्याचे माजी मुख्य सचिव होते. २००१ च्या जनगणनेच्या वेळी तेच देशाचे महानिबंधक व जनगणना आयुक्त होते. मोजणी होऊनही प्रकाशन न झाल्यास काय होते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

२०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे २०११ चेच आकडे दीर्घकाळ 'लगतपूर्वीचे प्रसिद्ध आकडे' राहिले. या काळात पनवेल परिसराचे रूप पालटले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तरीही महानगरपालिकेच्या २०१७ मधील पहिल्या निवडणुकीप्रमाणेच २०२५ मधील प्रभागरचनाही २०११ च्या लोकसंख्येवर करावी लागली. महाराष्ट्रातील क्वचितच अन्य एखाद्या भागात छापील लोकसंख्या आणि प्रत्यक्ष वस्ती यांतील अंतर इतके ठळक असेल.

२०२७ च्या प्रकाशनाचे नियोजन

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ हा आहे. तिच्यात जातींची नोंद करण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाला. १९३१ नंतर सर्व जातींचे तक्ते प्रसिद्ध झालेले नाहीत. १९४१ मध्ये युद्धामुळे प्रकाशन आक्रसले आणि १९५१ पासून अनुसूचित जाती व जमाती यांपुरतेच जातवार तक्ते देण्याचे धोरण राहिले. शिवाय २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांतील महिला आरक्षणाचा प्रारंभ ज्या अटीशी जोडला, तिच्यातही नव्या जनगणनेचे आकडे 'प्रसिद्ध' होण्याचा उल्लेख आहे. या पार्श्वभूमीवर पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) प्रत्येक तक्त्याच्या प्रकाशनाची तारीख गणनेपूर्वीच जाहीर व्हावी, विलंब झाल्यास त्याचे कारण लेखी दिले जावे.
२) जातीचे आकडे कोणत्या भौगोलिक घटकापर्यंत दिले जातील आणि किती लहान संख्या झाकली जाईल, हा नियम गणनेआधी ठरावा. आकडे हाती आल्यावर केलेला नियम संशयास पात्र ठरतो.
३) ज्या तक्त्यात मागील गणनेशी तुलना आहे, त्यात सीमा व व्याख्या यांतील बदलांची टीप त्याच पानावर असावी.
४) वाड्या व पाड्यांच्या सुविधांची माहिती ग्रामनिर्देशिकेत स्वतंत्रपणे यावी.
५) जिल्हा जनगणना पुस्तिका मराठीत, गावांच्या मराठी नावांसह, प्रसिद्ध व्हावी आणि गावाचा उतारा ग्रामपंचायतीस पाठविला जावा.
६) ठाणे, कुलाबा, रायगड अशा बदलांतून गेलेल्या गावांसाठी जुन्या व नव्या संकेतांकांची जुळणीसूची द्यावी.

निष्कर्ष

आपट्याच्या निमित्ताने पाहिलेल्या या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्रकाशनाचा घटक जसजसा खाली उतरला तसतशी जनगणना शासनाच्या उपयोगाची वस्तू न राहता नागरिकाच्याही उपयोगाची झाली; मात्र हा प्रवास महसुली गावापाशी थांबला असून वाडी अद्याप बाहेर आहे. दुसरी, गोपनीयता व सार्वजनिकता ही परस्परविरोधी तत्त्वे नाहीत. व्यक्ती झाकली जाईल या विश्वासावरच समूहाची माहिती खरी मिळते आणि ती खरी असेल तरच प्रकाशनाला अर्थ राहतो. तिसरी, राज्यघटनेने प्रतिनिधित्वाचा पाया प्रसिद्ध आकड्यांवर रचला असल्याने प्रकाशन लांबणे म्हणजे प्रतिनिधित्व शिळे होणे होय.

या संदर्भात महाविद्यालयांवरही काही जबाबदारी येते. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांना आपापल्या तालुक्यातील गावांच्या १९५१ पासूनच्या नोंदी एकत्र मांडण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. अनेक ग्रंथालयांत जुन्या जिल्हा जनगणना पुस्तिका न हाताळलेल्या, काही वेळा बाद करण्याच्या यादीत असतात. त्या बाद होण्यापूर्वी त्यांची छायाप्रत घेऊन जतन करणे अल्प खर्चाचे काम आहे. प्रसिद्ध झालेला आकडा वाचणारे कोणी असेल, तरच त्याचे प्रकाशन पूर्ण झाले असे म्हणता येईल.